वाचकांचे प्रश्न : गिटार ॲम्पमधील हमिंग आणि आयसोलेशन बॉक्सची खरी जागा

प्रश्न (एक वाचक, पुणे) : मी एकाच इलेक्ट्रिक गिटारचा आवाज दोन ॲम्पमधून एकाच वेळी काढतो. एक ॲम्प व्हॉल्व्हचा आहे, दुसरा ट्रान्झिस्टरचा, आणि दोघांनाही तीन पिनांचे प्लग आहेत. कोणताही एक ॲम्प एकटा लावला तर अगदी शांत असतो. मात्र वाय केबलने दोन्ही जोडले की मोठी घरघर सुरू होते. एका ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मोकळी केली की ती थांबते. साउंडचे काम करणाऱ्या मित्राने ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेशन बॉक्स लावण्यास सांगितले आहे. तो नेमके काय करतो, तो घरी बनवता येईल का, आणि तोपर्यंत पिन मोकळी ठेवून वाजवले तर चालेल का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्यांना उशीर झाला तरी चालेल, याला चालणार नाही. अर्थिंगची पिन मोकळी करून एकदाही वाजवू नका. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये साधारणपणे ३०० ते ५०० व्होल्ट डीसी खेळत असते आणि मेन्सचे २३० व्होल्ट तर प्रत्येक ॲम्पमध्ये येतातच. यांपैकी कशाचेही इन्सुलेशन एखाद्या दिवशी फुटले, तर ती वीज ॲम्पच्या पत्र्यावर येते. पत्रा जॅकच्या बाहेरच्या भागाला जोडलेला असतो, जॅक केबलच्या जाळीला, जाळी गिटारच्या ब्रिजला आणि ब्रिज तारांना. पिन जागेवर असेल तर ही वीज अर्थिंगमधून जाते, फ्यूज उडतो आणि प्रकरण तिथेच संपते. पिन नसेल तर त्या विजेला जमिनीकडे जाण्यासाठी एकच वाट उरते, ती म्हणजे गिटारच्या केबलची केसासारखी बारीक जाळी आणि पुढे दुसऱ्या ॲम्पचे अर्थिंग. ती जाळी जळून तुटली, की उरलेली वाट वादकाच्या शरीरातून जाते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी याने गिटार हातात असताना मायक्रोफोनला स्पर्श केला आणि रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने त्याचा अंत झाला. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये आपल्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना असाच गेला. दोन्ही ठिकाणी मूळ दोष अर्थिंगचाच होता.

काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर दुरुस्तीला एक ॲम्प आला होता. त्याच्या प्लगची तिसरी पिन नुसती काढलेली नव्हती. ती करवतीने कापून वर कानशीने घासून गुळगुळीत केलेली होती. कोणीतरी वेळ देऊन, नीट मन लावून ते काम केले होते. पत्रा आणि भिंतीतले अर्थिंग यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला तर काटा नव्वद व्होल्टच्या आसपास स्थिरावला. ॲम्प घेऊन आलेला मुलगा म्हणाला, “तारांना हात लावला की थोडे झिणझिण्यासारखे होते, पण हमिंग अजिबात येत नाही.” तो ॲम्प मी नवा प्लग लावल्याशिवाय परत दिला नाही, आणि आपल्यालाही तेच आग्रहाने सांगतो.

आता घरघरीकडे वळू. आपण केलेल्या प्रयोगातून रोगाचे निदान जवळजवळ झालेलेच आहे. दोन्ही ॲम्प एकेकटे शांत आहेत, म्हणजे दोघांच्याही पोटात दोष नाही. जोडल्यावरच आवाज येतो आणि एक अर्थिंग तोडले की जातो, याचा अर्थ दोन अर्थिंगांमधून एक बंद कडे तयार झाले आहे. पहिल्या ॲम्पच्या पत्र्यापासून केबलच्या जाळीतून दुसऱ्या ॲम्पच्या पत्र्यापर्यंत, तिथून त्याच्या प्लगच्या पिनेतून भिंतीतल्या अर्थच्या तारेत आणि तिथून परत पहिल्या ॲम्पकडे, असे हे कडे असते. यालाच साउंडवाले ग्राउंड लूप म्हणतात. खोलीतल्या मेन्सच्या तारांभोवती ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असते आणि कोणत्याही बंद कड्यात ते थोडा विद्युतप्रवाह ढकलते. शिवाय दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्येही काही मिलिव्होल्टांचा फरक असतोच.

हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, म्हणून एक हिशेब मांडून पाहा. समजा कड्यातून १० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आहे आणि केबलच्या जाळीचा रोध ०.२ ओम आहे, तर जाळीवर २ मिलिव्होल्ट पडतात. गिटारचा सिग्नल हलक्या हाताने वाजवताना १०० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे घरघर सुरांच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकीच आहे. त्यानंतर आपण डिस्टॉर्शन लावता, ते मोठा आवाज दाबून लहान आवाज वर उचलते आणि तार विरत जाईल तशी घरघर पुढे सरसावते. गिटारच्या ॲम्पमध्ये हा त्रास घरच्या म्युझिक सिस्टिमपेक्षा इतका जास्त का जाणवतो, याचे कारण हेच आहे.

बॉक्स विकत घेण्यापूर्वी एक बिनखर्चाची गोष्ट करून पाहा. दोन्ही ॲम्प, पेडलांचा ॲडॅप्टर आणि जे काही मेन्सवर चालते ते सर्व एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. दोन्ही ॲम्पच्या पॉवर कॉर्ड आणि सिग्नलच्या केबल शेजारी शेजारी ठेवा, जेणेकरून कड्याने वेढलेली जागा लहान होईल. खोलीच्या दोन टोकांच्या सॉकेटांतून वीज घेतली असेल, तर नुसत्या एवढ्याने घरघर बरीच कमी झालेली मी अनेकदा पाहिली आहे. ती पूर्ण जाईलच असे मात्र नाही, कारण कडे लहान झाले तरी ते बंदच राहते. ते उघडण्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो.

आयसोलेशन बॉक्समध्ये एक छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये तांब्याचा एकही धागा समाईक नसतो. पहिल्या वेटोळ्यात गिटारचा सिग्नल वाहतो, त्याने गाभ्यात चुंबकीय प्रवाह निर्माण होतो आणि तो दुसऱ्या वेटोळ्यात तोच सिग्नल पुन्हा उभा करतो. तार आणि जाळी यांच्यातला फरक, म्हणजे आपले वादन, पलीकडे पोचते. जाळीतून वाहू पाहणारा अर्थिंगचा प्रवाह मात्र पोचत नाही, कारण त्याला वाहायला तारच उरलेली नसते. विशेष म्हणजे दोन्ही ॲम्पच्या तिन्ही पिना आपापल्या जागी राहतात. कडे उघडले जाते ते सिग्नलच्या बाजूने, सुरक्षिततेच्या बाजूने नव्हे, आणि पिन तोडणे व बॉक्स लावणे यांतला सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

बॉक्स दोन्ही वाटांवर लावायचा नाही. गिटारपासून एक वाट पहिल्या ॲम्पला थेट जाऊ द्या, म्हणजे गिटारच्या तारांना त्या ॲम्पमधून अर्थिंग मिळत राहील, आणि दुसरी वाट ट्रान्सफॉर्मरमधून न्या. दोन्ही वाटा तोडल्या तर गिटार अधांतरी राहते आणि घरघर जाऊन तिच्या जागी तीक्ष्ण भुणभुण येते. व्हॉल्व्हचा ॲम्प थेट ठेवावा आणि ट्रान्झिस्टरचा ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, असे माझे मत आहे. वादकाच्या कानाला आणि हाताला ज्या ॲम्पची सवय असते त्याच्या वाटेत मी शक्यतो काही घालत नाही.

आता या विषयातला सर्वांत नाजूक भाग, ज्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे अनेकांनी बॉक्स घेऊन तो कपाटात टाकून दिला आहे. गिटारचे पिकअप म्हणजे काही हजार वेढ्यांचे बारीक तारेचे वेटोळे. त्याचा डीसी रोध ६ ते १५ किलोओम आणि इंडक्टन्स काही हेन्री असतो. अशा अशक्त स्रोताला ॲम्पचे १ मेगाओमचे इनपुट मानवते, ते त्याच्याकडून जवळजवळ काहीच ओढून घेत नाही. त्याऐवजी आपण बाजारात सहज मिळणारा ६०० ओम : ६०० ओमचा स्वस्त ट्रान्सफॉर्मर थेट गिटारला जोडला तर काय होईल? समजा त्याच्या पहिल्या वेटोळ्याचा इंडक्टन्स १ हेन्री आहे. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते आणि त्या वारंवारतेला हे वेटोळे जेमतेम ५०० ओम अडथळा करते. दहा किलोओमच्या स्रोताला ते जवळजवळ शॉर्टसर्किटच आहे. मंद्र स्वर नाहीसे होतात, बाकीचा आवाज मंद आणि घोंगडी पांघरल्यासारखा येतो, आणि दोष मात्र ‘ट्रान्सफॉर्मर आवाज खराब करतो’ असा सरसकट दिला जातो.

म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या आधी बफर हवा. बफर गिटारकडून नगण्य प्रवाह घेतो आणि पुढे साधारण १ किलोओम किंवा त्याहून कमी रोधाने सिग्नल देतो. आपल्या साखळीत आधीपासून एखादे बफर असलेले पेडल असेल तर वेगळे काही घ्यावे लागणार नाही. बॉस कंपनीची बहुतेक पेडल बंद असतानाही बफर चालूच ठेवतात, त्यामुळे त्यांच्यानंतर साधा पॅसिव्ह ट्रान्सफॉर्मर बॉक्स निर्धास्त लावता येतो. ट्रान्सफॉर्मर मात्र १० किलोओम : १० किलोओम जातीचा, लाइन लेव्हलसाठी बनवलेला घ्यावा. गाभ्यातला चुंबकीय प्रवाह व्होल्टेज भागिले वारंवारता या प्रमाणात वाढतो, म्हणून खालच्या स्वरांना गाभा लवकर भरतो आणि आवाज फाटतो. बेस गिटारची जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला गाभ्यावर दुप्पट भार पडतो. तेव्हा बेससाठी बॉक्स घेत असाल तर छोट्या ट्रान्सफॉर्मरवर समाधान मानू नका. तयार बॉक्स घ्यायचा असेल तर कॅनडातील रॅडिअल आणि जर्मनीतील लेहले या दोन्ही कंपन्यांचे ट्रान्सफॉर्मर बसवलेले स्प्लिटर चांगले आहेत.

घरी बनवण्याइतके हे काम सोपे आहे, आणि ज्याला कावीया (सोल्डरिंग आयर्न) नीट धरता येतो त्याने ते जरूर करावे. ओतीव ॲल्युमिनियमची एक छोटी डबी घ्या. प्लास्टिकची नको, ती चुकीच्या ठिकाणी काटकसर ठरते. इनपुटचा जॅक धातूचा आणि डबीला थेट टेकणारा असावा. आउटपुटचा जॅक मात्र संपूर्ण प्लास्टिकच्या अंगाचा घ्यावा, जेणेकरून त्याचा बाहेरचा भाग डबीला कुठेही शिवणार नाही. नवशिके इथेच चुकतात. ट्रान्सफॉर्मर उत्तम बसवलेला असतो, सोल्डरिंग चकचकीत असते, पण दोन्ही जॅकांचे नट त्याच डबीवर आवळलेले असतात आणि डबीच्या पत्र्यातून कडे पुन्हा बंद झालेले असते. पहिले वेटोळे इनपुट जॅकच्या टोकाला आणि बाहेरच्या भागाला, दुसरे वेटोळे आउटपुट जॅकच्या टोकाला आणि बाहेरच्या भागाला जोडा. ट्रान्सफॉर्मरला दोन वेटोळ्यांमधल्या पडद्याची वेगळी तार असेल तर ती डबीला द्या. दोन्ही जॅकांच्या बाहेरच्या भागांमध्ये एक स्विच ठेवा, आणि त्या स्विचला समांतर १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर. स्विचचे संपर्क मिटले की दोन्ही बाजू जोडल्या जातात, उघडले की सुटतात. हाच तो ग्राउंड लिफ्ट. झाकण लावण्यापूर्वी स्विच उघडा ठेवून मल्टिमीटरने दोन्ही जॅकांच्या बाहेरच्या भागांमध्ये कंटिन्युइटी तपासा. बीप वाजला तर कुठेतरी नट टेकतो आहे.

बॉक्स तयार झाल्यावर तो ॲम्पवर ठेवू नका. ॲम्पच्या आत मेन्सचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र पत्र्याबाहेर चांगले हातभर पसरते आणि आपला छोटा ट्रान्सफॉर्मर ते निमूट पकडतो. मग ज्या घरघरीसाठी एवढा खटाटोप केला ती दुसऱ्या दाराने आत येते. आवाज चालू ठेवून बॉक्स हातात धरा आणि ॲम्पच्या मागच्या बाजूकडून हळूहळू दूर नेत, मध्येच त्याचा कोन बदलत फिरवून पाहा. एका ठिकाणी, एका विशिष्ट कोनात घरघर अगदी बुडते. ती जागा जमिनीवर टेपने खूण करून ठेवावी. चांगल्या ट्रान्सफॉर्मरभोवती म्यू-मेटल या मिश्रधातूची टोपी असते ती याचसाठी, आणि किमतीतला बराचसा फरक तिचाच असतो.

दोन्ही ॲम्प एकत्र वाजवताना आवाज मोठा होण्याऐवजी पोकळ आणि पातळ वाटला तर घाबरू नका. दोन ॲम्पमधील टप्प्यांची संख्या वेगळी असली की एकाचा स्पीकर बाहेर ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा आत ओढतो. ट्रान्सफॉर्मर असल्याचा इथे एक आयता फायदा मिळतो. दुसऱ्या वेटोळ्याच्या दोन तारा अदलाबदल केल्या की फेज उलटते आणि मंद्र स्वर परत येतात. हे काम स्विचवर ठेवले तर उत्तमच.

आणि ज्यांचा त्रास आपल्यासारखा नाही, अशा वाचकांसाठीही चार ओळी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हा बॉक्स एकाच रोगाचे औषध आहे. एकच ॲम्प असताना हमिंग येत असेल तर आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. हमिंग गेले तर ते पिकअपमधून येत होते. गिटार घेऊन जागच्या जागी फिरा. एका दिशेला आवाज वाढतो आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीसा होतो, ही एका वेटोळ्याच्या पिकअपची खूणगाठ. यावर बॉक्स काहीही करू शकत नाही. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत असताना १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला ते हमबकर पिकअप, म्हणजे एकमेकांविरुद्ध गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांची जोडी, हाच त्यावरचा उपाय आहे. गिटारची केबल ॲम्पमधून पूर्ण काढली तरी हमिंग राहिले, तर दोष ॲम्पच्या पोटात आहे. पुष्कळदा ते १०० हर्ट्झचे असते, म्हणजे जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की येणाऱ्या ९८ हर्ट्झच्या जी स्वराच्या किंचित वर, कोणीतरी गाण्याखाली नकोसा षड्ज धरून बसल्यासारखे. जुन्या ॲम्पमध्ये हे बहुधा फिल्टर कपॅसिटर सुकल्याचे लक्षण असते. ते बदलण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ॲम्प बंद करून प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरांमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते.

प्रश्न (एक वाचक, मडगाव) : आमचा बँड लग्नांत वाजवतो. मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि ॲम्पच्या लाइन आउटमधून तिथपर्यंत केबल नेली की हमिंग येते. रंगीत दिवे लागले की ते अधिक कर्कश होते. इथेही हाच बॉक्स चालेल का?

उत्तर : तत्त्व तेच, उपकरण वेगळे. आपल्याला ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स हवा, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला देणारी छोटी पेटी. तो कडे उघडतो आणि सिग्नल बॅलन्स्ड करून, म्हणजे दोन तारांवर एकमेकांच्या उलट पाठवून, लांबच्या केबलसाठी तयारही करतो. तो ॲम्पच्या शेजारी ठेवावा, मिक्सरच्या शेजारी नव्हे, आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्ट उघडावा. दिव्यांबरोबर वाढणारा कर्कश आवाज डिमरचा आहे. डिमर विजेच्या लाटेचा तुकडा पाडतो, त्यातून वरच्या वारंवारता निर्माण होतात आणि त्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमधल्या कपॅसिटन्समधूनही थोड्या झिरपतात. मधला पडदा असलेला डीआय इथे उपयोगी पडतो. तरीही दिव्यांसाठी आणि आवाजासाठी वीज वेगवेगळ्या लाइनवरून घेणे हा जास्त खरा उपाय आहे. रंगमंचावरची आणि मिक्सरची वीज मात्र एकाच फेजवरून घ्या. दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात आणि गायकाचा माइक एका फेजवर व गिटार दुसऱ्या फेजवर असताना काही बिघाड झाला, तर परिणाम भयंकर होतात.

एक सूचना राहून जाऊ नये. केबल लाइन आउटमधूनच घ्या. स्पीकर आउटमधून साध्या डीआयला देऊ नका आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पचा स्पीकर काढून तर मुळीच नको. भाराविना चालवलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : वायरमनने मेन्सवर १ केव्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवायला सांगितले आहे. त्यामुळे ॲम्प आणि कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमधले (कॉम्प्युटरला आवाज देणारे-घेणारे उपकरण) हमिंग जाईल का? घर जुने आहे, बहुतेक सॉकेट दोन पिनांचे आहेत.

उत्तर : नाव सारखे असल्यामुळे हा गोंधळ वारंवार होतो. वरच्या उत्तरातला ट्रान्सफॉर्मर सिग्नलच्या वाटेवर बसतो; वायरमन सांगत आहेत तो दहा किलोहून अधिक वजनाचा, विजेच्या वाटेवर बसणारा. तो नियमाप्रमाणे जोडला तर ॲम्पचे अर्थिंग त्याच्या पलीकडेही तसेच पुढे न्यावे लागते, आणि अर्थिंग पुढे गेले की कडे जसेच्या तसे राहते. हमिंग घालवण्यासाठी अर्थिंग पुढे नेलेच नाही, तर आपण पैसे खर्चून पिन कापण्याचाच एक प्रकार केलेला असतो. विजेतली खरखर गाळण्यासाठी या ट्रान्सफॉर्मरचा थोडा उपयोग होतो, हे खरे. पण आपल्या तक्रारीवर तो उपाय नाही.

आपण दिलेल्या माहितीत मला महत्त्वाची वाटते ती घर जुने असल्याची गोष्ट. तो खर्च आधी अर्थिंगवर करा. वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा किंवा पाइप करून घ्या, प्रत्येक तीन पिनी सॉकेटपर्यंत हिरवी तार ओढून घ्या आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. काम झाल्यावर ते मीटरने तपासून दाखवायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये नुसते २३० व्होल्ट दिसणे पुरेसे नाही, कारण डिजिटल मीटरला अर्धवट जोडलेले अर्थिंगही पुरे वाटते. अर्थ लूपचा रोध मोजून घ्यावा. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देण्याची काही जणांची पद्धत आहे, ती अजिबात मान्य करू नका. बाहेर कुठे न्यूट्रल तुटले तर त्या तुकड्यातून फेजची वीज थेट ॲम्पच्या पत्र्यावर येते.

कॉम्प्युटरबाबत एक सोपी चाचणी आहे. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हमिंग तत्क्षणी गेले तर ते चार्जरमधून येत होते. दोन पिनांच्या चार्जरमुळे लॅपटॉपचे अंग अर्थिंगविना अधांतरी राहते आणि चार्जरच्या आतला एक छोटा कपॅसिटर अगदी अल्प प्रवाहाने त्याचे व्होल्टेज वर उचलतो. धातूच्या लॅपटॉपवर बोट फिरवताना जी खरखरीत झिणझिणी जाणवते ती यामुळेच. इंटरफेस आणि ॲम्प यांच्यामधल्या केबलवर १० किलोओम : १० किलोओमचा सिग्नल बॉक्स लावला की हा त्रास बहुधा मिटतो, आणि इंटरफेसचे आउटपुट आधीच सशक्त असल्यामुळे इथे बफरही लागत नाही.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : माझ्या मोठ्या भावाने अमेरिकेहून येताना त्याचा व्हॉल्व्हचा ॲम्प मला आणून दिला. तो १२० व्होल्टचा आहे, म्हणून मी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतो. हमिंग आहेच, शिवाय ॲम्पच्या पेटीतूनही गुणगुण ऐकू येते आणि मागची बाजू बरीच तापते. स्टेप-डाउन म्हणजेही ट्रान्सफॉर्मरच, मग आयसोलेशन आपोआप मिळत नाही का?

उत्तर : मिळत नाही, आणि ही समजूत धोक्याची आहे. बाजारात स्टेप-डाउन म्हणून विकले जाणारे बहुतेक ट्रान्सफॉर्मर ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांना एकच वेटोळे असते आणि त्यालाच मध्ये फाटा काढून १२० व्होल्ट घेतलेले असतात; मेन्स आणि ॲम्प यांच्यामध्ये तांब्याची सरळ जोडणी असते. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असतील तर आउटपुटच्या दोन तारांपैकी एक जमिनीपासून २३० व्होल्टवर आणि दुसरी सुमारे ११० व्होल्टवर असते. अशा अनेक ट्रान्सफॉर्मरांवर अमेरिकी पद्धतीचे नुसते दोन चपट्या फटींचे सॉकेट असते आणि अर्थिंगची जोडणी तिथेच संपते. भावाने मोठ्या हौसेने आणलेला ॲम्प अशा सॉकेटवर चालवणे आजच थांबवा. दोन स्वतंत्र वेटोळी असलेला, तीन पिनांचा आणि अर्थिंग ॲम्पपर्यंत पोचवणारा स्टेप-डाउन घ्या. तो वजनाने आणि किमतीने जास्त असतो, तरी इथे काटकसर करू नये. ॲम्प फार जुना, दोन पिनांच्या कॉर्डचा असेल तर आधी जाणकाराकडून तीन पिनांची कॉर्ड बसवून घ्यावी. अशा ॲम्पमध्ये मेन्सची तार आणि पत्रा यांच्यामध्ये एक कपॅसिटर असतो, तोही त्याच वेळी काढून टाकायला सांगावा, कारण तो शॉर्ट झाला की पत्रा मेन्सवर येतो.

पेटीतली गुणगुण ही वेगळी गोष्ट आहे. ती स्पीकरमधून येत नाही. ॲम्पच्या मेन्स ट्रान्सफॉर्मरचे लोखंडच थरथरते आहे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची, आणि स्टेप-डाउन व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. गाभ्यातला प्रवाह व्होल्टेज भागिले वारंवारता या हिशेबाने ठरतो हे वर आलेच आहे, त्यामुळे १२० व्होल्टच दिले तर गाभ्यावर मूळ रचनेपेक्षा वीस टक्के जास्त भार पडतो. त्यानेच तो गुणगुणतो आणि तापतो. ११० व्होल्ट देणारा स्टेप-डाउन घेतला तर हा जादा भार निम्म्यावर, दहा टक्क्यांवर येतो, आणि पुष्कळ ॲम्प तेवढा सहन करतात. काही ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरला २३० किंवा २४० व्होल्टचा फाटा आणि ५० हर्ट्झची तयारी मुळातच ठेवलेली असते; मागच्या पट्टीवर ‘५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले आहे का ते पाहा. तसे असेल आणि आत तो फाटाही असेल, तर जाणकार आतल्या तारा बदलून ॲम्प थेट २३० व्होल्टवर आणू शकेल आणि स्टेप-डाउनची गरजच उरणार नाही. पट्टीवर फक्त ‘६० हर्ट्झ’ असेल आणि तासभर वाजवल्यानंतर ट्रान्सफॉर्मरवर तळहात टेकवता येत नसेल, तर योग्य मापाचा ५० हर्ट्झचा नवा मेन्स ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यावा.

हे सर्व झाल्यावर, गिटारची केबल काढून आणि सर्व व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरमधले हमिंग पुन्हा ऐका. तरीही ते राहिले तर फिल्टर कपॅसिटर तपासून घ्या. केबल लावल्यावरच येत असेल तर व्हॉल्यूम शून्यावर ठेवून आणि गिटार फिरवून पाहण्याची पुण्याच्या वाचकाच्या उत्तरात सांगितलेली चाचणी करा, आणि तिचा निकाल ॲम्पच्या मागच्या पट्टीवरील मजकुरासह मला कळवा.